हंगामी अध्यक्ष (विधानसभा)

नवनिर्वाचित विधानसभा आपला अध्यक्ष निवडेपर्यंत तिचे कामकाज चालविण्यासाठी राज्यपालांनी सदस्यांपैकीच एकास नेमून दिलेला पीठासीन अधिकारी. मावळत्या सभेचा अध्यक्ष नव्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या लगतपूर्वीपर्यंतच पदावर राहतो आणि त्या समयी उपाध्यक्षपदही रिक्त असते. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १८० अन्वये ही नेमणूक राज्यपालांच्या अखत्यारीत येते. सदस्यांना शपथ देणे व अध्यक्षाची निवडणूक तडीस नेणे, एवढेच त्याचे नित्याचे काम.

परंतु जेथे कौल दुभंगलेला असतो, दोन्ही पक्ष बहुमताचा दावा सांगत असतात आणि विश्वासदर्शक ठराव अध्यक्षाच्या निवडीपूर्वीच मांडावा लागतो, तेथे शिरगणती कशी व्हावी, कोणता आक्षेप ग्राह्य धरावा आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत कोणत्या पारड्यात टाकावे, हे सारे याच अल्पकालीन अधिकाऱ्याच्या हाती येते. सर्वांत ज्येष्ठ सदस्यास नेमावे असा संकेत आहे. अनुच्छेदात मात्र त्याचा उल्लेख नाही. कर्नाटकात २०१८ साली के. जी. बोपय्या यांच्या नेमणुकीला, आर. व्ही. देशपांडे अधिक ज्येष्ठ असल्याच्या कारणावरून, हरकत घेतली गेली असता सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली नाही. कामकाजाचे थेट प्रक्षेपण तेवढे करविले, आणि हा उपाय, माझ्या मते, योग्यच होता.

महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाने हंगामी अध्यक्ष नेमून दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत शपथविधी आटोपावा व लागलीच गुप्त मतदानाविना बहुमत अजमावावे, असा हुकूम दिला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी राजीनामा दिल्याने ती चाचणी झाली नाही. भारतीय जनता पक्षाचे ज्येष्ठ सदस्य कालिदास कोळंबकर यांनी २७ तारखेस सदस्यांना शपथ दिली. मात्र उद्धव ठाकरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ होताच त्यांच्या जागी दिलीप वळसे-पाटील आले, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखाली ३० तारखेस १६९ मतांनी विश्वास व्यक्त झाला. १ डिसेंबरला नाना पटोले अध्यक्षपदी अविरोध निवडून आले.

एकाच सभेत, चार दिवसांच्या आत, सत्तापालटाबरोबर हंगामी अध्यक्षही बदलला जावा, हे संकेताच्या दुर्बलतेचे उघड प्रमाण होय. ज्येष्ठतेची अट अनुच्छेदातच लेखी स्वरूपात घातली जाणे अगत्याचे आहे.