प्रौढांची कैफियत

प्रौढ मनुष्याने आपल्या मनाचे दुःख घेऊन जावे कोठे, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही समाधानकारक उत्तर नव्हते. धर्मोपदेशकाकडे जावे तर पाप आणि पश्चात्ताप यांच्या भाषेत बोलावे लागे. वैद्याकडे जावे तर रोगी म्हणून नाव नोंदवावे लागे. आणि मनोविश्लेषणाचा मार्ग इतका दीर्घ व खर्चिक होता, की सामान्य कुटुंबाने त्याचा विचारही करू नये. शिवाय अमेरिकन मनोविश्लेषण संघाने १९३८ साली वैद्यकीय पदवी नसलेल्यांस प्रशिक्षण देण्यास मनाई केल्यामुळे त्या विद्येचा मक्ता डॉक्टरांकडेच राहिला. मुलांसाठी मार्गदर्शन-केंद्रे निघाली होती खरी; परंतु तेथे आई किंवा बाप येत असे तो बहुधा मुलाच्या खटल्यातील साक्षीदार म्हणून, स्वतःची कैफियत मांडण्यासाठी नव्हे. या परिस्थितीत प्रौढांच्या समुपदेशनाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे विशेषत्वाने जाते, त्या कार्ल रॉजर्स यांची पद्धती त्यांच्या पूर्वायुष्यापासून वेगळी काढून पाहता येत नाही, असे माझे मत आहे.

८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोनजीकच्या ओक पार्क येथे त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांत ते चौथे. वडील स्थापत्य अभियंते व कंत्राटदार होते, घर सुखवस्तू होते, परंतु घरात अंमल होता तो कडक प्रॉटेस्टंट आचारधर्माचा. मद्य, नृत्य, पत्ते, नाटके ही सारी वर्ज्य. इतकी, की सोडावॉटरची पहिली बाटली पितानाही आपल्या मनाला पापाचा स्पर्श झाल्यासारखे वाटले, अशी आठवण रॉजर्स यांनी पुढे नमूद केली आहे. बाहेरच्या लोकांशी सौजन्याने वागावे, मात्र त्यांचे आचरण आपल्याला मान्य नसल्यामुळे त्यांच्यापासून अंतर राखावे, ही त्या कुटुंबाची रीत होती. ते बारा वर्षांचे असताना हे कुटुंब शहराच्या मोहांपासून दूर, एका शेतवाडीवर जाऊन राहिले. तेथे या एकाकी मुलाने पतंगांच्या अळ्या वाढविल्या, त्यांच्या कोषांची निगा राखली, आणि पशुखाद्यावरील जाडजूड शास्त्रीय ग्रंथ वाचून, नियंत्रित प्रयोग कसा करावा, एका कारणाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा कसा पारखावा, याचे प्राथमिक पाठ घेतले.

विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषिशास्त्र शिकण्यासाठी गेलेला हा तरुण लवकरच धर्मकार्याकडे वळला, आणि १९२२ साली जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या पेकिंग येथील परिषदेसाठी निवडला गेला. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासात त्याच्या मनाची घडण पालटली. ज्या धर्ममतांना घरी कोणी प्रश्न केला नव्हता, त्यांवर सहप्रवाशांशी तासन् तास चर्चा झाली. आणि आपली बदलती मते त्याने आईवडिलांना मोकळेपणाने कळविली तरी टपालास इतका विलंब लागे, की घरचा विरोध येऊन पोहोचेपर्यंत मुलगा नव्या भूमिकेवर स्थिर झालेला असे. त्याच परिषदेत त्याने आणखी एक गोष्ट पाहिली: महायुद्ध संपून काही वर्षे लोटली तरी फ्रेंच आणि जर्मन प्रतिनिधी परस्परांचा तीव्र द्वेष करीत होते, आणि व्यक्ती म्हणून पाहता त्यांपैकी कोणीही अप्रिय नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत काही विद्यार्थ्यांनी अधिकाऱ्यांकडे अर्ज करून, शिक्षकाने शिकवू नये व केवळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवरच चर्चा व्हावी, असा एक वर्ग मंजूर करून घेतला. त्या वर्गात विचार करता करता अनेकांनी, आणि त्यांत रॉजर्स यांनीही, पौरोहित्याचा मार्ग सोडला. विशिष्ट मत मानण्याची सक्ती ज्या व्यवसायात आहे तो आपला नव्हे, हे त्यांना उमगले, आणि रस्त्यापलीकडच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ते मानसशास्त्र शिकू लागले.

१९२८ साली ते रॉचेस्टर येथे बालकांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणाऱ्या संस्थेच्या बालअध्ययन खात्यात रुजू झाले. न्यायालये व सामाजिक संस्था यांनी पाठविलेली मुले तपासावीत, त्यांच्या वर्तनाची कारणमीमांसा करावी आणि उपाय सुचवावेत, हे त्यांचे काम. बारा वर्षे त्यांनी ते केले. तेथील एक प्रसंग त्यांनी स्वतः वारंवार सांगितला आहे. एका उपद्व्यापी मुलाची बुद्धिमान आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वर्तनाचे मूळ आईने बालपणी केलेल्या त्याच्या अव्हेरात आहे, असा रॉजर्स यांचा निवाडा ठरलेला होता, आणि अनेक मुलाखतींतून तो तिच्या गळी उतरविण्याचा त्यांचा प्रयत्न सपशेल फसला. अखेर दोघांनी प्रयत्न सोडून देण्याचे ठरविले. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, मागे वळली, आणि येथे प्रौढांनाही समुपदेशन मिळते काय, असे तिने विचारले. होकार मिळताच ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली आणि आपल्या संसारातील नैराश्य, पतीशी आलेला दुरावा, अपयशाची भावना यांविषयी बोलू लागली. आजवर तिने सांगितलेल्या नीटनेटक्या इतिहासाहून ही कैफियत सर्वस्वी निराळी होती. दुखते कोठे आणि कोणत्या दिशेने जावे, हे त्या दुःखाचा धनीच जाणतो, आणि आपले चातुर्य प्रदर्शित करण्याची इच्छा नसेल तर सल्लागाराने त्याच्यावरच विसंबावे, हा निष्कर्ष रॉजर्स यांनी त्यातून काढला.

या निष्कर्षाला तात्त्विक पाया मिळण्यास मनोविश्लेषक ऑटो रांक यांच्या विचारांचे साहाय्य झाले. ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाला रॉजर्स आपल्या पद्धतीचा जन्मदिवस मानीत. त्यानंतर १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या गृहस्थाच्या आठ बैठकी शब्दशः छापलेल्या होत्या. मदतीसाठी येणाऱ्या व्यक्तीला रोगी न म्हणता, वकिलाने अशिलाला मानावे त्याप्रमाणे तिला स्वतःच्या प्रकरणाची मालक मानावे, हा आग्रह त्यांनी येथूनच धरला. रॉचेस्टरनंतर ते ज्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेले, तेथे या बैठकी तबकड्यांवर मुद्रित होत, आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. बंद खोलीतील संभाषण अशा रीतीने प्रथमच परीक्षणास मोकळे झाले, आणि आपण अशिलाला मुळीच वळण लावीत नाही अशी ज्यांची समजूत होती, त्या समुपदेशकांना आपलाच आवाज ऐकताना आपण किती वेळा आडून सल्ला दिला हे कळून चुकले. शेतवाडीवरील प्रयोगशील मुलाचा वारसा मला येथे स्पष्ट दिसतो.

१९४५ ते १९५७ या काळात शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन-केंद्रात ही पद्धती परिणत झाली. समुपदेशकाचे अंतर्बाह्य ऐक्य, समोरच्याविषयी विनाअट आदर, आणि त्याच्या जगाकडे त्याच्या दृष्टीने पाहण्याची समानुभूती, या तीन गुणांवर तिची उभारणी आहे. त्यांपैकी विनाअट आदराची संज्ञा स्टॅन्ली स्टँडल या विद्यार्थ्याच्या १९५४ सालच्या प्रबंधातील आहे, हे गुरूला भूषणावहच होय. ज्या घरात स्वीकृतीला आचरणाची अट होती, त्या घरातील मुलाने प्रौढपणी या तत्त्वाला एवढे महत्त्व द्यावे, यात मला नवल वाटत नाही. याच काळात, १९४९च्या सुमारास, एका अत्यंत व्यथित स्त्रीवर उपचार करताना त्यांचा स्वतःचाच तोल ढळला. दोन-तीन महिने ते पत्नीसह शहर सोडून दूर राहिले, आणि परत आल्यावर आपल्याच केंद्रातील एका सहकाऱ्यापुढे अशील म्हणून बसले. तत्त्वाचा कस स्वतःवर लावून पाहण्याचे हे धैर्य मला त्यांच्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. विस्कॉन्सिनमध्ये छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या, इस्पितळात दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांवर त्यांनी जो मोठा प्रयोग केला, त्याचे एकंदर फळ अपेक्षेहून फार कमी आले, आणि त्याचा वृत्तांतही १९६७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केला. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दोन व्यक्तींमधील ही पद्धती विरोधी समूहांपर्यंत नेली. १९७२ साली बेलफास्टच्या कॅथलिक व प्रॉटेस्टंट नागरिकांना पिट्सबर्ग येथे एकत्र बसवून त्यांनी बोलते केले. १९८२ साली, वर्णभेदाचा कायदा पूर्ण अंमलात असताना, जोहान्सबर्ग येथे कृष्णवर्णीय व गौरवर्णीय स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटासमवेत ते बसले. पेकिंगमध्ये पाहिलेल्या द्वेषाचे कोडे साठ वर्षांनंतरही त्यांनी सोडलेले नव्हते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी ला होया येथे त्यांचे निधन झाले.

समुपदेशन सर्वसमावेशक असावे असे आपण म्हणतो; परंतु त्याचा अर्थ सर्व जातींच्या, धर्मांच्या व पंथांच्या लोकांना दार उघडे ठेवणे एवढाच केला, तर तो अपुरा होईल, असे हा इतिहास सांगतो. रॉजर्स यांच्या वडिलांच्या घराचे दारही सभ्यतेने उघडेच होते. तेथे उणीव होती ती, आत आलेल्याला त्याच्याच अटींवर समजून घेण्याची. पदवी, परवाना आणि शास्त्राभ्यास यांची या व्यवसायाला नितांत आवश्यकता आहे. तथापि, ज्याचे आचरण आपल्याला रुचत नाही, ज्याची श्रद्धा आपल्याला पटत नाही, त्याच्या जीवनाचा अर्थ आपल्याला त्याच्याहून अधिक कळतो हा अहंकार जो समुपदेशक रोज नव्याने सोडावयास शिकत नाही, त्याने कितीही विद्या संपादन केली तरी तो प्रौढांना उपदेशच करीत राहील, आणि उपदेश करणाऱ्यांची वाण जगाला कधीच पडलेली नाही.