नगरास जन्मलेला परका

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, नवे महाराष्ट्र सदन २०१३ साली खुले झाले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू त्याच रस्त्यावर १९९२ पासून उभी आहे. एका दारावरून दुसऱ्या दाराकडे जाताना आम्हांस इंग्रजी विनोदाचे विख्यात लेखक-नट स्पाइक मिलिगन यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या दोन्ही दारांशी त्यांचे नाते होते. पुरते मात्र कोणाशीच नव्हते.

मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरात झाला. वडील आयरिश, नोकरी ब्रिटिश तोफखान्यात. बदलीमागून बदली होई. मुलाचे बालपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनला गेले. वडिलांना रंगमंचाचा षोक होता. छावणीतील करमणुकीच्या कार्यक्रमांत ते हौसेने कामे करीत. १९३३ च्या सुमारास फौजेत काटकसर सुरू झाली आणि हे बिऱ्हाड लंडनला गेले. त्याला 'मायदेशी परतणे' म्हणण्याची रीत आहे. परंतु पंधरा वर्षांच्या त्या मुलास लंडन हे आणखी एक बदलीचे ठाणेच वाटले असेल, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले आणि १९४४ साली इटलीत जखमी झाले. पुढे १९५१ ते १९६० या काळात बीबीसीच्या नभोवाणीवरून 'द गून शो' गाजला. पीटर सेलर्स व हॅरी सीकम हे त्यांचे सोबती. लेखनाचा बहुतेक भार मात्र एकट्या मिलिगन यांच्यावर. त्यातील मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला, भित्रा पण ऐटबाज अधिकारी. लालकाका आणि बॅनर्जी ही पात्रेही तेथे बोलत. लहानपणी छावणीत पाहिलेला साहेबी डौल त्यांनी असा चव्हाट्यावर मांडला. दर आठवड्यास नवी संहिता लिहिण्याचा ताण मोठा होता. १९५२ च्या अखेरीस त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि त्या व्याधीने त्यांचा जन्मभर पाठपुरावा केला.

त्यांचे सारेच आम्ही वाखाणणार नाही. १९६९ च्या 'करी अँड चिप्स' या दूरचित्रवाणी मालिकेत तोंडास रंग फासून त्यांनी अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार उभा केला. ती मालिका सहा भागांतच आटोपली. ज्या भूमीत आपण वाढलो तेथील माणसाची नक्कल करताना कोठे थांबावे, याचे भान तेथे सुटले होते.

पण नियतीने त्यांची केलेली थट्टा याहून कठोर होती. १९६० नंतर पारपत्राचा प्रश्न निघाला. जन्म हिंदुस्थानातला आणि बाप आयरिश. तेव्हा ब्रिटनसाठी रक्त सांडूनही त्यांचे ब्रिटिशपण निर्विवाद राहिले नाही. त्यांनी आयरिश नागरिकत्व पत्करले. म्हणूनच २००१ साली मिळालेला 'नाइट'चा किताब केवळ मानद ठरला, आणि नावामागे 'सर' लागले नाही.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी ते वारले. आपण आजारी असल्याचे आधीच बजावले होते, अशा अर्थाचे एक विनोदी वाक्य थडग्यावर कोरण्याचे ठरले. धर्माधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत कोरू दिले नाही. अखेर विंचेल्सीच्या दफनभूमीत ते आयरिश भाषेत कोरले गेले.

आपली मुलेही नोकरीच्या गावी जन्मतात, आणि "तू कुठला?" या प्रश्नापाशी अडखळतात. त्यांच्या अडखळण्याची आपण घाई करून दुरुस्ती करू नये. नगरास जन्मलेल्या त्या परक्याने त्याच अडखळण्यातून अर्ध्या जगास हसविले.