भारतातील शहरी व ग्रामीण मधुमेह

भारतातील शहरी व ग्रामीण मधुमेह या विषयात राहण्याचे ठिकाण आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका यांच्यातील संबंधाचा अभ्यास केला जातो. भारतात मधुमेहाचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा शहरांत सातत्याने अधिक आढळले आहे. मात्र ग्रामीण भागातील प्रमाणही गेल्या काही दशकांत वाढले असून मधुमेह हा केवळ शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे ही जुनी समजूत आता टिकत नाही.

प्रमुख पाहण्या

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९७०च्या दशकात अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, पुणे आणि त्रिवेंद्रम या केंद्रांवर पाहणी केली. तीत मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात २.१ टक्के, तर ग्रामीण भागात १.५ टक्के आढळले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, तमिळनाडूतील ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे प्रमाण अनुक्रमे ८.२ आणि २.४ टक्के होते. निदानाचे निकष व वयोगट वेगवेगळे असल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

आयसीएमआर-इंडिआब हा या विषयावरील देशव्यापी अभ्यास आहे. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या या पाहणीत २० वर्षांवरील १,१३,०४३ व्यक्तींचा समावेश होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असून शहरी भागात ते १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. राज्यांमध्ये गोव्यात सर्वाधिक (२६.४ टक्के) आणि उत्तर प्रदेशात सर्वांत कमी (४.८ टक्के) प्रमाण नोंदवले गेले.

याच अभ्यासात पूर्वमधुमेहाचे प्रमाण मात्र दोन्ही भागांत जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे १५ टक्के आढळले. पूर्वमधुमेह म्हणजे रक्तातील साखर सामान्य पातळीहून अधिक, पण मधुमेहाच्या निकषाहून कमी असण्याची अवस्था. अशा व्यक्तींपैकी अनेकांना पुढे मधुमेह होतो. त्यामुळे शहर व खेड्यातील आजचे अंतर भविष्यात कमी होण्याची शक्यता आहे.

कारणे

शारीरिक श्रम: शेती, पाणी भरणे, पायी चालणे यांमुळे ग्रामीण जीवनात पूर्वापार श्रम अधिक होते. काम करणारे स्नायू रक्तातील ग्लुकोज वापरतात व शरीराची इन्सुलिनला मिळणारी प्रतिसादक्षमता वाढते. बैठी कामे आणि वाहनांचा वापर यांमुळे शहरात हे श्रम घटतात. शेतीचे यांत्रिकीकरण व दुचाकींचा प्रसार यांमुळे खेड्यातही हा बदल होत आहे.

आहार: ज्वारी, बाजरी, नाचणी यांसारख्या भरडधान्यांची जागा पॉलिश केलेला तांदूळ व गहू यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. साखर, तळलेले पदार्थ, शीतपेये आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ आता लहान गावांतील दुकानांतही सहज मिळतात.

स्थूलता: दक्षिण आशियाई लोकांमध्ये तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते. म्हणून भारतीयांसाठी २३ किंवा त्याहून अधिक शरीर-वस्तुमान निर्देशांक हा अतिरिक्त वजनाचा, तर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर कमरेचा घेर हा पोटाच्या स्थूलतेचा निकष मानला जातो.

गर्भावस्थेतील पोषण: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. भारतीय बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. वजन व स्नायू कमी असूनही भारतीय बालकांच्या शरीरातील चरबी मात्र तुलनेने टिकून होती. गर्भातील कुपोषणानंतर पुढील आयुष्यात मुबलक अन्न व कमी श्रम वाट्याला आल्यास मधुमेहाचा धोका वाढतो, असे या संशोधनाच्या आधारे मांडले जाते.

स्थलांतर

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगळूर येथील कारखान्यांत काम करणारे स्थलांतरित आणि गावीच राहिलेली त्यांची भावंडे यांची तुलना करण्यात आली. पुरुषांमध्ये मधुमेहाचे प्रमाण गावी राहिलेल्यांत ६.२ टक्के, स्थलांतरितांत १४.३ टक्के, तर मूळ शहरवासीयांत १३.५ टक्के होते. भावंडांची आनुवंशिकता बरीचशी समान असल्याने, या फरकामागे बदललेली जीवनशैली व परिसर असल्याचे या तुलनेतून सूचित होते.

आर्थिक स्तर

सुरुवातीला मधुमेह सधन वर्गात अधिक आढळत असे. इंडिआब अभ्यासाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १५ राज्यांवरील निष्कर्षांत अधिक संपन्न राज्यांच्या शहरी भागांत मात्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांत मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले. आरोग्यदायी आहार, व्यायामासाठी जागा व नियमित उपचार यांची उपलब्धता या गटांसाठी मर्यादित असते.

निदान व उपचार

भारताची बहुसंख्य लोकसंख्या खेड्यांत राहत असल्याने, प्रमाण कमी असूनही ग्रामीण रुग्णांची एकूण संख्या मोठी आहे. मधुमेह अनेक वर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. तपासणीची सोय दूर असणे, औषधांचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे निदानास उशीर झाल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या नसा यांवर आधीच परिणाम झालेला असू शकतो.

केंद्र शासनाने २०१० साली असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची तपासणी केली जाते. गावपातळीवर आशा स्वयंसेविका प्रश्नावलीद्वारे जोखीम नोंदवतात व संबंधितांना उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास मधुमेहाची शक्यता मानली जाते. लक्षणे नसल्यास पुन्हा चाचणी करून निदान निश्चित करतात.