अक्राच्या नाचघरात एक रात्र

मे 1956. गोल्ड कोस्ट नावाच्या इंग्रजी वसाहतीत, अक्राच्या विमानतळावर तुम्ही भर गर्दीत उभे आहात. ‘घाना’ हे नाव धारण करायला या देशाला अजून दहा महिने आहेत. धावपट्टीच्या कडेला शहरातल्या कितीतरी बँडचे वादक वाद्यं घेऊन जमलेत. अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग विमानातून उतरतो आणि सगळे मिळून एकच धून उचलतात, ‘ऑल फॉर यू’. थोड्याच वेळात तोही आपला ट्रम्पेट काढून त्यांच्यात मिसळतो. शिकवावं लागत नाही, सांगावं लागत नाही.

त्याला कारण आहे. या धुनेचं नातं वेस्ट इंडिजच्या कॅलिप्सोशी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेतले वेस्ट इंडिजचे काळे सैनिक केप कोस्टच्या परिसरात तैनात होते, फावल्या वेळी ते बँडवर आपल्या घरची गाणी वाजवत. ती ऐकून किनाऱ्यावरच्या पोरांनी पितळी वाद्यं हातात घेतली. ज्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम करून नेली, त्याच किनाऱ्यावर त्यांच्या वंशजांचं गाणं परत आलं. त्यातून घडलेल्या इथल्या नाचाच्या संगीताला हायलाइफ म्हणतात, आणि त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात थोर वाटते ती हीच.

रात्री तुम्ही पॅरामाउंट क्लबमध्ये जा. दारातच परफ्यूमचा, सिगारेटचा आणि घामाचा वास येईल. आज गर्दी जास्त आहे, कारण ई. टी. मेन्साच्या ‘टेम्पोज’ बँडबरोबर आर्मस्ट्राँगही वाजवणार आहे. मेन्साकडे नीट बघा. छत्तीस-सदतीस वर्षांचा, नीटनेटका माणूस. त्याचं शिक्षण औषधशास्त्राचं, औषधांचं दुकानही त्यानं चालवलंय. शाळेत लॅम्प्टी मास्तरांच्या बँडमध्ये तो बासरी शिकला. दुसऱ्या महायुद्धात अक्रात आलेल्या गोऱ्या सैनिकांनी इथल्या वादकांना जोडीला घेऊन टेम्पोज उभा केला. युद्ध संपलं, गोरे मायदेशी गेले, बँड मात्र राहिला. ड्रमवाला गाय वॉरन लंडनहून क्यूबन तालांचा नाद घेऊन आला, आणि बाँगो, माराकास टेम्पोजमध्ये घुसले.

आता डोळे मिटा आणि एकेक वाद्य वेगळं करून ऐका. सगळ्यात आधी लाकडाच्या दोन दांडक्यांचा टकटकाट धरा: तीन घाव, मग दोन. तो रात्रभर बदलणार नाही. त्याच्या फटीत माराकासची सळसळ बसते, तिच्याखाली बाँगो बोलत राहतो, आणि डबल बास पायांना धीर देतो. गिटार उंच स्वरात तेच तेच वळण घेत राहते, पण कंटाळा येत नाही, कारण दर फेरीला ती दुसऱ्या कुठल्यातरी वाद्याच्या शेजारी पडते. मग ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन हातात हात घालून येतात. कुणीच जोर करत नाही. प्रत्येकानं दुसऱ्यासाठी जागा सोडलीय, आणि त्या सोडलेल्या जागेत नाचणारा पाऊल टाकतो. माझ्या मते हायलाइफ टिकलं ते या सोडलेल्या जागेमुळे. ऐकणाऱ्यासाठी त्यात कायम एक जागा रिकामी असते.

नाचाला घाई नाही. जोडपी सावकाश मैदानभर फिरताहेत, पावलं छोटी, कंबर सैल, कुणाच्या हातात पांढरा रुमाल. मधूनच वॉल्ट्झ किंवा फॉक्सट्रॉट होतो, पण हायलाइफ सुरू झालं की खुर्च्या रिकाम्या होतात. एके काळी असल्या नाचांना टोप्या, कोट घालून फक्त बडे लोक जात. तिकीट परवडत नाही म्हणून बाहेर उभ्या राहिलेल्या बघ्यांनीच या संगीताला नाव दिलं. आता ते बघे आत आहेत. कारकून, शिक्षक, बाजारात कापड विकणाऱ्या बायका. कदाचित हिंदुस्थानमार्गे जाऊन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून परतलेला एखादा शिपाईही. अशाच माजी सैनिकांच्या मोर्चावर 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच शहरात गोळीबार झाला, त्यात तिघे गेले, आणि स्वातंत्र्याची मागणी पेटली. मेन्सा गा, ट्वी, फान्टे, एवे अशा भाषांतून आणि इंग्रजीतूनही गातो. त्यामुळे इथे प्रत्येकाला आपलं असं एक गाणं मिळतं.

पण पितळी वाद्यांचं हायलाइफ म्हणजे सगळं हायलाइफ नव्हे. लंडनला चला, 1928 मध्ये. झोनोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणात क्वामे असारे, ज्याला जेकब सॅमही म्हणत, ‘कुमासी ट्रिओ’बरोबर ‘या अम्पोन्सा’ गातोय. त्याच्या उजव्या हाताकडे बघा: अंगठा आणि तर्जनी, बस्स. अंगठा खालचे स्वर धरून चालतो, तर्जनी वरची चाल उचलते. ही पद्धत त्याला लायबेरियाकडच्या क्रू जमातीतल्या एका खलाशाकडून मिळाली. वडिलांचा गिटारला कडक विरोध होता, गिटार वाजवणारे म्हणजे वाया गेलेले असं त्यांचं मत. पोरानं ऐकलं नाही हे फार बरं झालं. ‘या अम्पोन्सा’ची चाल पुढे असंख्य गाण्यांचा पाया झाली, आणि 1990 मध्ये पॉल सायमनच्याही एका गाण्यात उतरली.

1982 चं अक्रा मात्र बघवत नाही. आदल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी लष्करानं सत्ता घेतली. संचारबंदी आली आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. रात्रीच गेली, तर नाचघरं कशी जगणार? अनेक वादक देश सोडून गेले, बरेच जर्मनीला. तिथल्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन त्यांनी नवं हायलाइफ घडवलं. जॉर्ज डार्कोचं 1983 चं ‘आको ते ब्रोफो’ त्यातलंच. जुने रसिक नाकं मुरडतात. मला स्वतःला त्यातला पितळी वाद्यांचा अभाव जाणवतो, तरी गिटारच्या चालीत अम्पोन्साचा वंश स्पष्ट ऐकू येतो.

हायलाइफ घानापुरतं राहिलं नाही. नायजेरियात 1976 मध्ये प्रिन्स निको म्बार्गानं साध्या पिजिन इंग्रजीत आईवर गायलेलं ‘स्वीट मदर’ आजही लग्नसमारंभात लागतं आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे उठतात.

आता परत या, आणि एक काम करा. मेन्साचं ‘ऑल फॉर यू’ शोधून लावा. पहिल्यांदा फक्त दांडक्यांचे ते पाच घाव ऐका, दुसऱ्यांदा बास. तिसऱ्यांदा मात्र खुर्ची सोडा, कारण हे संगीत बसून ऐकणाऱ्याला अर्धंच कळतं.