स्ट्रेप्टोमायसिन आणि आर.एन.ए.वरील मिथिल गट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पिंपरी (जि. पुणे) येथे 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीननंतर तेथे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. औद्योगिक स्वावलंबनाचा अध्याय म्हणून हा इतिहास आपण सांगतो. मात्र हे औषध जिवाणूतील ज्या आर.एन.ए.वर आघात करते, त्याची हकिकत त्यात येत नाही. प्रस्तुत लेखात ती मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
आर.एन.ए.त चारच क्षारक असतात, हा समज 1950 च्या दशकात ढळला. 1957 मध्ये डेव्हिस व ॲलन यांनी यीस्टच्या आर.एन.ए.तील पाचव्या न्यूक्लिओटाइडचे वर्णन केले. 1965 मध्ये होली यांनी ॲलानिनच्या वाहक आर.एन.ए.चा क्रम उलगडला, तेव्हा त्यातही अनेक बदललेले क्षारक आढळले. साखळी तयार झाल्यावर विकर हे बदल घडवितात. मिथिलट्रान्सफरेज हे विकर एस-ॲडेनोसिलमिथिओनिनकडून मिथिल गट घेऊन ठरावीक क्षारकावर बसविते.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी वेगळे केले. ते रायबोसोमच्या लहान घटकाला चिकटते व प्रथिननिर्मितीत चुका घडविते. त्याला होणारा प्रतिरोध दीर्घकाळ मुख्यतः एस-12 या प्रथिनातील आणि 16-एस आर.एन.ए.तील उत्परिवर्तनांनी स्पष्ट केला जाई. 2007 मध्ये ओकामोतो व सहकाऱ्यांनी तिसरे कारण दाखविले. जीआयडी-बी या जनुकाचे विकर 16-एस आर.एन.ए.तील एका ग्वानीनला (ई. कोलायमध्ये क्रमांक 527) मिथिल गट जोडते. हे विकर निकामी झाले की औषधाची पकड सैल होते. प्रतिरोध सौम्यच असतो; पण अशा जिवाणूंतून तीव्र प्रतिरोधी प्रकार अधिक वारंवार उद्भवतात. एक कार्बन व तीन हायड्रोजन, एवढ्या अल्प गोष्टीवर औषधाचे यश अवलंबून असावे, हे प्रथम वाचताना खरे वाटत नाही.

येथे मिथिल गट गमावून जिवाणू वाचतो. जेंटामायसिनबाबत नेमके उलट घडते. ते निर्माण करणारा मायक्रोमोनोस्पोरा स्वतःच्या 16-एस आर.एन.ए.वर मिथिल गट बसवून स्वतःचे रक्षण करतो. तसेच कार्य करणारे एआरएम-ए हे जनुक 2003 मध्ये रुग्णांतील जिवाणूंत नोंदविले गेले. म्हणून 'मिथिलीकरण म्हणजे प्रतिरोध' असे सरसकट शिकविणे चूक ठरते. कोणत्या क्षारकावर, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

भारतात पुनर्उपचाराच्या क्षयरुग्णांना अनेक वर्षे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा ठरीव उपचारक्रम वापरू नये असे सुचविले. केवळ एस-12 आणि 16-एस यांची जनुके तपासणाऱ्या चाचणीतून जीआयडी-बीमुळे आलेला प्रतिरोध निसटतो, आणि असा जिवाणू चाचणीत औषधाला बळी पडणाराच दिसतो.