मुंबईला गेलेले गवत आणि गाईच्या पोटातले खनिज



तारापूर, बोईसर, पालघर, डहाणू म्हटले की मासळी, मीठ आणि चिकू आठवतात. पण आगगाडी आल्यावर या मुलखातून मुंबईला आणखी एक माल जाऊ लागला, तो म्हणजे गवत. डोंगराकडचे गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पुरवणे हा इथला मोठा धंदा होता. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडच्या वारली मजुरांनी संप केला, त्यात एक मुख्य मागणी गवताचीच होती : पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. गोदावरी परुळेकरांनी तो सगळा लढा लिहून ठेवला आहे. मजुरीचा हिशेब असा चव्हाट्यावर आला. जमिनीचा हिशेब मात्र मांडायचा राहिला.

तो हिशेब असा. गवताची मुळे जमिनीतून स्फुरद आणि चुना घेतात, शिवाय तांबे, जस्त, कोबाल्ट अशी खनिजेही अगदी कणाकणाने उचलतात. ते गवत गावच्या गुराने खाल्ले तर शेणावाटे पुन्हा शेतात येते. मुंबईला गेले ते गेलेच! त्यातून आपला पाऊस जमिनीचे सत्त्व धुऊन खाडीला नेणारा. आणि घरच्या गाईपुढे बहुधा भाताचा पेंढा. पेंढ्यात स्फुरद थोडा, आणि असलेला चुनाही पुरता अंगी लागत नाही. गाय चिंध्या, हाडे, माती चघळू लागली की घरची म्हातारी माणसे म्हणतात, हिला दृष्ट लागली. पुष्कळदा ती स्फुरदाची भूक असते.

कणाएवढ्या खनिजाचे महत्त्व कळले ते दूर ऑस्ट्रेलियात. तिथे काही भागांत गुरेमेंढरे हिरव्या कुरणात उभी असूनही खाणे टाकीत, खंगत आणि मरत. दक्षिणेकडे तर त्याला ‘किनाऱ्याचा रोग’ असेच नाव पडले होते. लोहाची माती चारली की जनावर सुधारे, म्हणून लोहच कमी असावे असा समज झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी त्या मातीतले लोह काढून टाकले आणि उरलेला अर्क दिला, तरी जनावरे बरी झाली! १९३५ साली उलगडा झाला, की गुण लोहाचा नसून त्यातल्या किंचित कोबाल्टचा आहे. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्स हेही तिथेच पोहोचले.

पण कोबाल्ट करतो तरी काय? याचे उत्तर १९४८ नंतर मिळाले. त्या साली ‘ब-१२’ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या पोटात कोबाल्ट निघाला. गाईच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात, बरं का. गवताचे काष्ठ तेच फोडतात. कोबाल्ट मिळाला तर ते ब-१२ तयार करतात. जंतूंच्या कामातून निघालेल्या एका आम्लाची यकृतात साखर होते, आणि त्या साखरेवाचून दूध उतरत नाही. हे काम ब-१२ विना अडते. मग भूक मंदावते, रक्त कमी होते, दूध आटते. शाळेतल्या मुलांना गुरुजींनी एवढे गणित जरूर घालावे : दहा किलो सुका चारा खाणाऱ्या गाईला दिवसाला एकदोन मिलिग्रॅम कोबाल्ट पुरतो, तर एक ग्रॅम किती दिवस जाईल?

पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ठिकठिकाणचा चारा तपासून त्या त्या भागासाठी खनिज मिश्रणे ठरवली. मला हीच रीत योग्य वाटते, कारण सगळीकडची उणीव एक नसते. मोठ्या गाईला साधारण पन्नास ग्रॅम रोज, कोंड्यात किंवा पेंडीत कालवून देतात. दुधाच्या मानाने प्रमाण डॉक्टरांना विचारावे. दुप्पट दिले म्हणजे दूध दुप्पट होत नाही. तांबे जास्त झाले तर यकृतात साठून विष होते. आणि आपल्या मिठागरातले मीठ गाईला हवेच, पण ते या मिश्रणाच्या जागी चालत नाही. त्यात स्फुरद नाही, आणि तांबे-कोबाल्टही गरजेपुरते नाहीत.