त्रागा : एका शब्दाची सरहद्द

मूल हट्टाला पेटून डोके आपटू लागले की मराठी घरात 'उगाच त्रागा करू नकोस' असे दटावले जाते. या शब्दामागे एके काळी खरोखरीचे रक्त सांडत असे, हे आता कोणाच्या ध्यानी नाही. सुरतेच्या बाजूला गुजरातीत याच शब्दाचे रूप 'त्रागुं' असे आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे तेथील भाट-चारणांचा इतिहास होय.

भाट म्हणजे धन्याची तोंडपुजी स्तुती करणारा, अशी समजूत आपल्या 'भाटगिरी' या शब्दाने रूढ केली. ती अपुरी आहे. वंशावळी राखणे, पराक्रम कवनात बांधणे ही कामे गुजरातेतील भाट-चारण करीतच. परंतु त्यांचा खरा मान होता तो जामीनकीत. कर्ज असो, करार असो, सावकाराचा वाटेवरचा माल असो, हमी त्यांची. लुटारू आडवे आले की भाट पुढे होई आणि माल लुटाल तर येथेच प्राण देईन असे बजावी. तरीही वचन मोडले गेले तर कट्यार स्वतःच्या अंगावर चालवी. त्याच्या रक्ताचे पाप वचन मोडणाऱ्याच्या वंशाला लागते, ही सर्वांची श्रद्धा. तिच्याच बळावर निःशस्त्र सोबत्यालाही शस्त्रधारी भीत. हा त्रागा. कित्येकदा बळी मात्र भाटाच्या घरातील वृद्ध स्त्रीचा किंवा मुलाचा जाई. फोर्ब्स यांच्या १८५६ च्या 'रासमाळा' ग्रंथात या प्रथेची हकिगत आहे; ती वाचून केवळ गौरव वाटून घेणे आम्हाला जमत नाही.

आपल्या लोकांचा याच्याशी संबंध थेट येतो. गायकवाडांचे मूळ ठाणे सोनगड, सुरतेहून फार दूर नव्हे. त्यांच्या फौजा मुलूखगिरीस काठेवाडात जात, खंडणीचा आकडा ठरे आणि तिला भाट-चारण जामीन राहत. वर्तनाची हमी देणारा तो फैलजामीन, जामिनाचा जामीन तो आडजामीन. १८०७ मध्ये कर्नल वॉकर गायकवाडी फौजेसह काठेवाडात गेले, तेव्हा खंडणीचे कायमचे करार झाले आणि त्यांच्या पाठीशी कंपनीची हमी उभी राहिली. पुढे कचेऱ्या आल्या, मुद्रांकाचा कागद आला. भाटाच्या प्राणाला मग बाजारभाव उरला नाही. उरले ते कवन.

प्राचीन आयर्लंडातही कवीचा धाक असाच होता. त्याच्या निंदाकाव्याने अन्यायी राजाच्या चेहऱ्यावर फोड उठतात, असे लोक मानीत. तेथे ऋणकोच्या दारात उपाशी बसण्याची रीत कायद्याला मान्य होती. हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये तिची तुलना आपल्या धरण्याशी केली. धरणे आणि त्रागा ही सख्खी भावंडे. एक आजही राजकारणात मानाने नांदते, दुसरे स्वयंपाकघरात हिणवले जाते.

आपला शाहीर जामीन राहिल्याचे ऐकिवात नाही. अफजलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास बिदागीचा धनी होता. तरीही सीमालढ्यात लोकांच्या वतीने उभे राहण्याचे काम शाहिरांकडेच आले. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' छक्कडीत बेळगाव-कारवारबरोबर डांग आणि उंबरगाव ही नावे येतात. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला, उंबरगावही गेले. कवनाच्या मागे हमी म्हणून उभे राहील असे काही तेव्हा आपल्या पदरी नव्हते.

सुरतेतील लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत आज खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील मुले घरात त्रागा करतात आणि गल्लीत 'त्रागुं' ऐकतात. सीमाभागातील मराठीपणाचा पुरावा म्हणून आम्ही शब्दांची यादी करीत आहो. तिच्यात मराठी आणि गुजराती असे दोन रकाने आहेत. हा शब्द आम्ही तूर्त दोहोंतही लिहिला आहे.